पुरावा भक्कम, मग औषध बंद का?

मागच्या अंकात मी उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांविषयी लिहिलं होतं. डॉक्टर त्यांना सरळ ‘गाइडलाइन’ म्हणतात. पत्रं भरपूर आली आणि त्यांतली बहुतेक एकाच ठिकाणी अडली होती : सूचनेशेजारी छापलेली ती अक्षरं आणि आकडे. ‘वर्ग २बी, पुरावा ए’, ‘ठाम शिफारस, पुरावा कमी’, असं काहीबाही. मी फिजिशियन आहे, रोज रुग्ण तपासते आणि अशा सूचना तयार करणाऱ्या समित्यांवर कामही करते. एकेका खुणेवरून तिथे किती वेळ वाद चालतो ते मी पाहिलं आहे. म्हणून त्या नीट वाचल्या जाव्यात असं मला मनापासून वाटतं. निवडक प्रश्न घेते आहे. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय ७३. हृदयविकार किंवा पक्षाघात कधी झालेला नाही. काळजी म्हणून बरीच वर्षं लहान डोसची ॲस्पिरिन घेत होतो. नव्या डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली. कारण विचारलं तर म्हणाले, ‘आता याबद्दल भक्कम पुरावा आहे.’ भक्कम पुरावा असेल तर गोळी चालू राहायला नको का?

उत्तर : ‘पुरावा भक्कम’ म्हटलं की तो औषधाच्या बाजूनेच असणार असं आपण धरून चालतो. पुराव्याची प्रत सांगते ते एवढंच, की अभ्यासात जे आढळलं त्यावर किती विसंबावं. आढळलेलं औषधाच्या विरोधात गेलेलं असू शकतं, आणि तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं आहे.

२०१८ मध्ये ‘ॲस्प्री’ या मोठ्या ट्रायलचे निकाल प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ ज्येष्ठ त्यात होते, बहुतेक सत्तर किंवा त्यापुढचे, हृदयविकार वा पक्षाघात न झालेले. निव्वळ चिठ्ठीने त्यांचे दोन गट पाडले (अशा अभ्यासाला ‘रँडमाइज्ड ट्रायल’ म्हणतात). एका गटाला रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पावणेपाच वर्षांच्या आसपास हिशेब मांडला तेव्हा अपंगत्व न येता जगण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. हृदयविकारात दखल घेण्याजोगी घट नव्हती. फरक पडला तो मोठ्या रक्तस्रावात : वर्षाला दर हजार माणसांमागे ॲस्पिरिनच्या गटात ८.६ आणि दुसऱ्या गटात ६.२. इतकी माणसं, इतकी वर्षं, चोख पद्धत. पुरावा भक्कम म्हणायचा तो यालाच. फक्त तो सांगतो की तुमच्यासारख्या माणसाला या गोळीतून फायदा नाही.

अक्षरांनी घोळ आणखी वाढतो, कारण प्रत्येक संस्थेची लिपी वेगळी. आजार टाळण्याविषयी सल्ला देणाऱ्या अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाच्या यादीत अक्षर सल्ल्याला दिलेलं असतं. २०१६ मध्ये पन्नाशीतल्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या लोकांसाठी त्यांनी ॲस्पिरिनला ‘बी’ दिला होता, म्हणजे सल्ला औषधाच्या बाजूचा. २०२२ मध्ये ६० आणि त्यापुढच्या वयासाठी ‘डी’ दिला, म्हणजे प्रतिबंधासाठी ती नव्याने सुरू करू नका. ‘डी’ पाहून वाटेल की पुरावा हलका असेल. प्रत्यक्षात फायदा नाही किंवा नुकसान जास्त आहे याची त्यांना बऱ्यापैकी खात्री असते, तेव्हाच ते ‘डी’ देतात. उलट, अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्था दोन खुणा शेजारी शेजारी छापतात. वर्ग १, २ए, २बी, ३ हा सल्ला, ‘करा’पासून उतरत जाणारा. ए, बी, सी हा पुरावा. तिथे वर्ग ३ म्हणजे ‘करू नका’, आणि त्याच्या शेजारी दिमाखात ‘ए’ असू शकतो.

किती खात्री आहे हा एक प्रश्न. मग करायचं काय, हा दुसरा. पानावरची खूण यांतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी पाहावं.

आणि एक कळकळीची सूचना. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, बायपास झाली आहे, त्यांनी हे वाचून ॲस्पिरिन सोडू नये. त्यांचा प्रश्न वेगळा, त्यांचा पुरावा वेगळा आणि तो ॲस्पिरिनच्या बाजूचा आहे.

प्रश्न : मी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला रेसिडेंट आहे. आम्हाला पुराव्याची उतरंड शिकवली : वर रँडमाइज्ड ट्रायल, खाली निरीक्षणात्मक अभ्यास, तळाला तज्ज्ञांचं मत. गाइडलाइनमध्ये मात्र कधी कधी ट्रायल असूनही ‘पुरावा कमी’ लिहिलेलं दिसतं. असं कसं?

उत्तर : उतरंडीपासून सुरुवात झाली हे खरं. १९७९ मध्ये कॅनडातल्या एका कार्यदलाने नियमित आरोग्यतपासणीवर अहवाल दिला, त्यात पुराव्याचे स्तर पाडले आणि शिफारशींना अक्षरं दिली. त्याआधी तज्ज्ञ एकत्र बसत आणि एकमताने काय ते लिहीत. कशाच्या आधारावर लिहिलं ते वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसे. म्हणून ते पाऊल फार मोलाचं होतं. मग ज्याने त्याने आपापली उतरंड काढली आणि एकच पुरावा एका संस्थेत ‘ए’ तर दुसरीत ‘बी’ होऊ लागला. हा गोंधळ मिटवायला २००० मध्ये एक आंतरराष्ट्रीय गट जमला. त्यात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे गॉर्डन गायट यांच्यासारखी माणसं होती. त्यांनी जी पद्धत बांधली ती ‘ग्रेड’. जागतिक आरोग्य संघटनेसह जगभरच्या अनेक संस्था आज तीच वापरतात.

ग्रेडमध्ये पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत : उच्च, मध्यम, कमी, अत्यल्प. ट्रायलचा पुरावा उच्चपासून सुरू होतो, निरीक्षणाचा, म्हणजे कोण काय घेतं आणि पुढे काय होतं हे नुसतं पाहणाऱ्या अभ्यासांचा, कमीपासून. पण ही झाली सुरुवातीची जागा. तिथून पुरावा खाली घसरू शकतो, वर चढू शकतो.

निरीक्षणाची सुरुवात खालून का, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे रजोनिवृत्तीनंतरची हार्मोन्स. ती घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असं निरीक्षणं वर्षानुवर्षं सांगत होती. पण हार्मोन्स घेणाऱ्या स्त्रिया मुळातच बऱ्या परिस्थितीतल्या, स्वतःची काळजी घेणाऱ्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये १६,६०८ स्त्रियांचे चिठ्ठीने गट पाडले, तेव्हा हे वेगळेपण दोन्ही गटांत सारखं वाटलं गेलं. २००२ मध्ये हा अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. दोन हार्मोन्स एकत्र घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८, फुप्फुसात गुठळी जाण्याच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ घटना जास्त होत्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६ आणि खुब्याचं हाड मोडण्याच्या ५ कमी होत्या. अंगातून गरम वाफा निघण्याच्या त्रासावर योग्य स्त्रीला हार्मोन्स आजही दिली जातात. प्रश्न होता तो हृदय सांभाळण्यासाठी सरसकट द्यावीत का, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ आलं.

आता ट्रायल असून पुरावा का घसरतो ते. कारणं पाच धरतात. ट्रायल नीट राबवलेली नसणं, वेगवेगळ्या ट्रायलचे निकाल एकमेकांशी न जुळणं, रुग्ण इतके कमी की उत्तराची व्याप्ती ‘फायदा’पासून ‘नुकसान’पर्यंत पसरणं, ही तिन्ही तू शिकला असशील. उरलेल्या दोनांवर थोडं थांबते, कारण फसगत तिथे होते.

पहिलं, पुरावा थेट तुझ्या प्रश्नाचा नसणं. हार्ट अटॅकनंतर ईसीजीवर जादा ठोके दिसणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. काही औषधं ते ठोके दाबतात. म्हणजे औषधाने जीव वाचणार, असं तर्काने वाटलं आणि तशी औषधं दिलीही गेली. ‘कास्ट’ ट्रायलमध्ये एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही दोन औषधं पारखली. मुद्दाम असे रुग्ण घेतले की ज्यांचे ठोके या औषधांनी दबतात हे आधीच दिसलं होतं. साधारण दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ जण दगावले. ईसीजी सुधारला आणि माणसं जास्त गेली. म्हणून समितीत कुणी रक्तातली एखादी पातळी किंवा स्कॅनवरचा डाग सुधारल्याचा पुरावा मांडला की मी पहिल्यांदा विचारते, रुग्णाला स्वतःला जाणवेल असं काय बदललं? उत्तर नसेल तर पुरावा एक पायरी खाली.

‘थेट नसणं’ ठिकाणाचंही असतं. मुदतीआधी बाळंत होणाऱ्या स्त्रीला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हाउवी यांनी दाखवलं आणि पुढच्या ट्रायलनी ते पक्कं केलं. पण त्या ट्रायल बहुतेक सुसज्ज रुग्णालयांतल्या. साधनं कमी असलेल्या भागांत हाच उपचार गावपातळीपर्यंत नेऊन पाहिला तेव्हा काय झालं? सहा देशांतल्या ‘ॲक्ट’ या अभ्यासात, जिथे इंजेक्शनचा वापर वाढवला तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात बालकं दगावली. जिथे नेहमीचीच पद्धत ठेवली तिथे २३.९. हे २०१५ चं. दिवस नेमके किती भरलेत याचा अंदाज चुकत होता, पूर्ण दिवसांच्या कितीतरी बायकांना इंजेक्शन मिळत होतं, आईला जंतुसंसर्ग झाल्याचा संशयही जास्त वेळा नोंदला गेला. मग भारत, बांगलादेश, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या २९ रुग्णालयांत, दिवसांची खात्री सोनोग्राफीने करून, २,८५२ स्त्रियांवर नवी ट्रायल झाली. २०२० मध्ये तिचे निकाल आले : नवजात मृत्यू इंजेक्शनच्या गटात १९.६ टक्के, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. फायदा खरा होता. तो सोनोग्राफी, देखरेख आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असलेल्या जागी होता. हा अभ्यास मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला वाचायला देते. पुरावा ‘आपल्याकडे लागू होईल ना’ हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

दुसरं कारण, पुरावा छापलाच न जाणं. २००८ मध्ये काही संशोधकांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेले नैराश्यावरच्या औषधांचे ७४ अभ्यास काढले आणि त्यांतले कुठले नियतकालिकांत आले ते ताडून पाहिलं. नियामकाच्या मते ३८ औषधाच्या बाजूचे होते. एक सोडून सगळे छापले गेले. उरलेल्या ३६ पैकी २२ छापलेच गेले नाहीत, ११ अशा पद्धतीने छापले की औषध उपयोगी वाटावं, आणि नकारात्मक म्हणून छापले फक्त ३. ही औषधं निरुपयोगी आहेत असा त्याचा अर्थ नाही, पण नुसती छापील पानं वाचणाऱ्याला त्यांचा गुण आहे त्याहून मोठा दिसणार. म्हणून ट्रायल सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद व्हावी यासाठी इतका आग्रह धरला जातो.

वर चढण्याची वाटही सांगते. परिणाम फार मोठा असेल, किंवा मात्रेबरोबर वाढत जात असेल, तर निरीक्षणाचा पुरावाही चढतो. १९२२ मध्ये इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं, तेव्हा मरणाच्या दारातली मुलं उठून बसली. त्यासाठी चिठ्ठ्या टाकण्याची गरज पडली नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातंही निरीक्षणांनीच सिद्ध झालं, कारण परिणाम प्रचंड होता आणि जितकी सिगारेट जास्त तितका धोका जास्त होता.

प्रश्न : माझे वडील वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेत होते. मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा औषधाचा परिणाम उलटवण्याचे उपचार तातडीने दिले गेले. ते आता बरे आहेत. नंतर मी वाचलं की या उपचारांची शिफारस ‘ठाम’ आहे, पण पुरावा ‘कमी’. पुरावा कमी असताना ठामपणे सांगणं ही दिशाभूल नाही का?

उत्तर : वडील सावरले हे वाचून बरं वाटलं. तुमचा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच वेळा ती दिशाभूल असतेही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र नव्हती.

मेंदूत रक्त वाहतं आहे आणि रक्त गोठू न देणारं औषध अंगात आहे, अशा माणसांचे गट पाडून एका गटाला काहीच द्यायचं नाही, अशी ट्रायल कुणी करणार नाही आणि करूही नये. त्यामुळे उच्च पुरावा कधीच येणार नाही. पण एका पारड्यात जीव आहे, दुसऱ्यात त्या मानाने लहान धोका, आणि वाट पाहायला वेळ नाही. अशा जागी समिती पुराव्याची उणीव उघड लिहून ठाम शिफारस करू शकते. उलट दिशेनेही असंच : फायद्याचा पुरावा नगण्य आणि त्रास किंवा नुकसान निश्चित, असं असेल तर ‘करू नका’ हे ठामपणे सांगता येतं. काहीही तक्रार नसलेल्या माणसाचं कर्करोग शोधण्यासाठी डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन करणं हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण.

या मोजक्या जागा सोडल्या तर कमी पुराव्यावर ठाम शिफारस दिसली की मी सावध होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ ते २०१२ या काळातल्या ४५६ शिफारशी काही अभ्यासकांनी तपासल्या. २८९ ठाम होत्या आणि त्यांतल्या १६० कमी किंवा अत्यल्प पुराव्यावर उभ्या होत्या. सगळ्याच जीव वाचवण्याच्या तातडीतल्या नव्हत्या. असं का होतं ते समितीत बसलं की कळतं. आपण आयुष्यभर जो उपचार दिला तो ‘कदाचित’ म्हणून लिहायला हात धजत नाही. शिवाय ‘सशर्त’, म्हणजे रुग्ण पाहून ठरवा असं, लिहिलं तर कुणी करणारच नाही, अशी भीती असते. दोन्ही भावना मला समजतात, पण त्या पुरावा नव्हेत. ठाम लिहायचं तर कारण त्याच पानावर लिहा, हा माझा हट्ट असतो.

प्रश्न : मी परिचारिका आहे. ‘सशर्त शिफारस’ म्हणजे नेमकं काय समजायचं? रुग्ण विचारतात, ‘म्हणजे घेऊ की नको?’ आणि मला उत्तर सुचत नाही.

उत्तर : या सगळ्या पत्रांत मला सर्वांत जवळचा वाटलेला प्रश्न हा. ठाम शिफारशीचा अर्थ असा की सगळी माहिती दिली तर जवळजवळ सगळे रुग्ण तोच उपचार निवडतील. सशर्तचा अर्थ असा की बरेच निवडतील, पण निवडणार नाहीत अशीही पुष्कळ जाणती माणसं असतील, आणि दोघंही बरोबर असतील. तिथे रुग्णाला विचारणं हा उपचाराचाच भाग आहे.

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. ऑपरेशन नाही, प्लास्टर नाही, उघड काही कारण नाही, आणि तरी पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली. सुरुवातीचे काही महिने रक्त पातळ ठेवणारं औषध सगळ्यांनाच देतात. त्यावर वाद नाही. प्रश्न पुढचा : थांबवायचं की कायम चालू ठेवायचं? अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये चालू ठेवण्याची शिफारस केली, पण सशर्त.

आता बाजू पाहा. औषध थांबवलेल्या १०० जणांपैकी साधारण १० जणांना पहिल्या वर्षात पुन्हा गुठळी होते, पाच वर्षांत २५ जणांना. चालू ठेवलं तर गुठळी बरीच टळते, पण दरवर्षी १०० पैकी एक-दोघांना मोठा रक्तस्राव होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांवर थोडा कमी, वॉरफरिनवर थोडा जास्त. पुन्हा होणाऱ्या गुठळ्यांपैकी शंभरात चारेक जीवघेण्या ठरतात, मोठ्या रक्तस्रावांपैकी शंभरात आठ ते दहा. गुठळी जास्त वेळा, रक्तस्राव कमी वेळा पण जास्त घातक. तराजू एका बाजूला झुकतो, पण फार नाही.

माझ्याकडे असे दोन रुग्ण एकाच काळात येत होते. एक सुतार, रोज करवती आणि पटाशांशी काम. औषध चालू असताना बोट कापलं की रक्त थांबेना, त्याचं कामावरचं मन उडालं. त्याने आकडे ऐकले, दोन दिवस मागितले आणि औषध थांबवायचं ठरवलं. पाय सुजला, दुखला किंवा दम लागला तर त्याच दिवशी यायचं, एवढं आम्ही पक्कं केलं. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांची गुठळी फुप्फुसात पोचली होती आणि श्वास न मिळण्याची ती रात्र त्या विसरू शकत नव्हत्या. ‘मला रोज गोळी चालेल, ती रात्र पुन्हा नको,’ म्हणाल्या. त्यांची गोळी चालू राहिली. एकच शिफारस, दोन उलटे निर्णय, आणि दोन्ही तिच्याशी सुसंगत.

तेव्हा रुग्णाने ‘घेऊ की नको?’ विचारलं तर सांगा, ‘इथे दोन्ही वाटा योग्य आहेत. कुठली भीती तुम्हाला जास्त वाटते ते आधी बोलू या.’ आणि त्या बोलण्यातलं जे कळेल ते डॉक्टरांच्या कानावर घाला. रुग्ण तुमच्याशी जे बोलतात ते आमच्याशी कितीदा तरी बोलत नाहीत.

याची दुसरी बाजू व्यवस्थापनाला सांगायला हवी. ठाम शिफारस पाळली जाते की नाही यावरून रुग्णालयाचा दर्जा मोजता येतो. सशर्त शिफारशीवरून मोजू नये. तिथे शंभर टक्के रुग्णांना तोच उपचार मिळत असेल तर बहुधा कुणालाच विचारलं गेलेलं नाही.

समितीतही हीच उणीव राहते. रक्तदाबावरच्या औषधांची चर्चा चालू होती. मृत्यू, पक्षाघात, मूत्रपिंड, सगळे तक्ते तयार. आमच्यात रुग्णांच्या वतीने बसलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, ‘ही गोळी घेतल्यावर मला बसच्या प्रवासात किती वेळा लघवीला उतरावं लागेल, ते या तक्त्यात कुठे आहे?’ ते कुठेच नव्हतं. दुपारनंतरची सगळी चर्चा मग त्यावर झाली आणि शिफारशीखालचा मजकूर बदलला.

प्रश्न : कोविडच्या साथीत माझ्या भावाला रुग्णालयात स्टेरॉइड दिलं. मला घरीच ठेवलं आणि मागूनही दिलं नाही. आजार एक, मग औषध वेगळं का? गाइडलाइन दोघांसाठी तीच असेल ना?

उत्तर : गाइडलाइन तीच, पण तिच्यात शिफारशी दोन होत्या. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ ट्रायलने रुग्णालयातल्या रुग्णांना डेक्सामेथासोन देऊन पाहिलं, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. पण ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांच्यात औषध न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के आणि घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के दगावले. हा शेवटचा फरक योगायोगाने पडलेला असू शकतो, पण फायद्याची खूण त्यात कुठेच नव्हती.

सप्टेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांसाठी स्टेरॉइडची ठाम शिफारस केली आणि सौम्य आजारासाठी ते न देण्याची सशर्त. तुमच्या भावाला वाचवू शकणारं औषध तुम्हाला अपाय करू शकलं असतं. न देणाऱ्या डॉक्टरांनी तुमची नीट काळजी घेतली.

प्रश्न : ‘पुरावा अपुरा’ म्हणजे ‘उपयोग नाही’ असंच ना?

उत्तर : नाही. उपयोग नाही हे कळायलाही पुरावा लागतो. ॲस्पिरिनचं वर पाहिलंत. अपुरा म्हणजे अजून कळलेलं नाही. त्या जागी सर्वांत प्रामाणिक शिफारस पुष्कळदा ही असते की औषध द्यायचं तर ट्रायलमध्येच द्या. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी आयव्हरमेक्टिनबद्दल तेच म्हटलं होतं. लोकांना ते बोटचेपेपणाचं वाटलं. मला ते धैर्याचं वाटतं, कारण घाबरलेल्या जगाला ‘आम्हाला अजून माहीत नाही’ हे सांगणं सोपं नसतं.

प्रश्न : दर काही वर्षांनी सूचना बदलतात, आणि लिहिणाऱ्यांचे औषध कंपन्यांशी संबंध असतात असंही वाचतो. मग विश्वास ठेवायचा तरी कशावर?

उत्तर : बदलतात याचं मला वाईट वाटत नाही. ॲस्पिरिनचा ‘बी’ जाऊन ‘डी’ आला तो नव्या ट्रायल आल्या म्हणून. बिनबुडाच्या ठामपणाचं मात्र वाईट वाटतं. अमेरिकन हृदयरोग संस्थांच्या सूचना २००९ मध्ये तपासल्या तेव्हा सर्वोच्च पुराव्यावर आधारलेल्या शिफारशी ११ टक्क्यांच्या आसपास होत्या. दहा वर्षांनी पुन्हा तपासल्या तर ८.५ टक्के. वैद्यकातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या शाखेची ही स्थिती आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट ती अक्षरं शेजारी छापली होती म्हणूनच हे मोजता आलं.

कंपन्यांच्या संबंधांबद्दल तुमची शंका योग्य आहे. चांगल्या सूचनेत प्रत्येक सदस्याचे आर्थिक संबंध नोंदलेले असतात, आणि ज्याचा संबंध आहे तो त्या औषधाच्या मतदानात भाग घेत नाही, असंही लिहिलेलं असतं. हे पान सापडलं नाही तर मी ती सूचना बाजूला ठेवते. त्याशिवाय पुरावा शोधण्याची तारीख पाहते. छापल्याची तारीख नव्हे. शोध कधीपर्यंत घेतला ती. दोहोंमध्ये कधी कधी दोन वर्षांचं अंतर असतं आणि एवढ्यात एखादी मोठी ट्रायल येऊन गेलेली असते. मग मतदान कसं झालं ते वाचते. मतभेद नोंदवणारी समिती मला जास्त विश्वासाची वाटते.

तपासण्यांबद्दलची बरीच पत्रं या वेळी घेता आली नाहीत. रिपोर्टमधला एखादा आकडा ‘नॉर्मल’च्या बाहेर गेला तर त्याला किती महत्त्व द्यायचं, हा त्यांतला मुख्य प्रश्न आहे. तो पुढच्या अंकात घेते.